दुसरी किल्ली

'बिऱ्हाड' हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेलाच. वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडे असत, मालक माडीवर राहत, आणि खालच्यांकडे आज कसली भाजी आहे हे मालकीणबाईंना फोडणीच्या वासावरून कळे. खासगीपणा नावाची चीज तेव्हा कोणापाशीच नव्हती, मालकापाशीही नव्हती. त्यामुळे तिच्यावरून भांडायचा प्रश्न नव्हता. आता वाडे जाऊन सदनिका आल्या. दार ओढून घेतले, लॅच लागले, की जग बाहेर. फक्त त्या लॅचची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे ठाऊक असलेले बरे.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी पुण्यात परिचारिका आहे. रात्रपाळी करून आली की सकाळी झोपते. एके दिवशी अकराच्या सुमारास तिला जाग आली ती बाहेरच्या खोलीतल्या बोलण्याने. घरमालक एका जोडप्याला घर दाखवीत होते. तिचा करार संपायला अजून दोन महिने होते. "बेल वाजवली होती, वाटलं कोणी नाही," असे ते म्हणाले, आणि ते खोटेही नसावे. गृहस्थ सज्जन आहेत. दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. पण त्या दिवसापासून ती झोपताना दाराला आतून खुर्ची लावू लागली. महिन्याच्या महिन्याला भाडे भरायचे, वर अनामत द्यायची, आणि दाराला खुर्ची!

तिच्या वडिलांनी करारनामा माझ्याकडे आणला. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला कागद वाचायची खोड असते, हे त्यांना माहीत. नवव्या कलमात लिहिले होते की, परवाना देणाऱ्यास सदर जागेत केव्हाही प्रवेश करण्याचा अधिकार राहील. केव्हाही! असली वाक्ये कोणी विचार करून लिहीत नाही. एजंटच्या संगणकात ती वर्षानुवर्षे पडून असतात. नावे आणि रक्कम तेवढी बदलते.

करारात 'भाडेकरू' हा शब्द कुठेच नव्हता, 'परवानाधारक' होता. या शब्दाची कुळकथा मोठी आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणे महाकठीण झाले. मालकांनी मग 'लीव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली: भाडेकरू नकोच, परवान्यावर राहणारा हवा. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहत असलेल्यांना सरकारने भाडेकरूच ठरवून टाकले. मालकांनी त्याचा असा धसका घेतला की, घर रिकामे राहिले तरी चालेल, पण कोणाला द्यायला नको, असे कित्येकांना वाटू लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला, तेव्हा कुठे हा गुंता सुटला. मुदत संपल्यावर परवानाधारक हलला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे. जास्तीच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने मिळते. मालकाची भीती कायद्याने बरीच घालवली. त्या भीतीने लिहिलेली वाक्ये मात्र करारनाम्यात तशीच राहिली.

आणि याच अधिनियमात २८वे कलम आहे, अगदी छोटे. भाड्याने किंवा परवान्यावर दिलेल्या जागेची पाहणी मालकाला करता येईल. पण वाजवी वेळी, आणि राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. कलम मालकाच्या हक्काचे आहे खरे, पण त्याचा शेवटचा तुकडा राहणाऱ्याच्या कामाचा. सूचना किती तास आधी, ते त्यात सांगितलेले नाही. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात चोवीस तास आधी कळवावे, सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर आत जाऊ नये, असे म्हटले आहे. तो नुसता नमुना. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण करारात तेवढे लिहून घ्यायला कोणी अडवलेले नाही.

भाडे थकले म्हणून परस्पर कुलूप बदलणारे मालकही असतात. स्थिरपणे ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असे धरले तरी, कायद्याच्या मार्गाखेरीज हुसकावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगून ठेवले आहे. भाडेकरूचे पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडणे हा तर अधिनियमाच्या २९व्या कलमाखाली गुन्हा आहे.

मालकाची बाजू मला कळत नाही असे नाही. माझ्या ओळखीचे किती तरी निवृत्त लोक एका सदनिकेच्या भाड्यावर औषधपाणी चालवतात. खालच्या घरात पाणी गळू लागले की सोसायटी त्यांनाच बोल लावते. त्यांनी घर बघू नये काय? जरूर बघावे. पण बँकेचा लॉकर आठवा. लोखंड बँकेचे, खोली बँकेची, तरी व्यवस्थापकाच्या एकट्याच्या किल्लीने तो उघडत नाही. ग्राहकाची किल्लीही लागते. त्यामुळे बँकेची मालकी कमी झाल्याचे मी कधी ऐकले नाही.

करार नव्याने करायची वेळ आली तेव्हा आम्ही नवव्या कलमातला 'केव्हाही' काढायला सांगितला आणि 'किमान एक दिवस आधी फोनवर कळवून, राहणाऱ्याच्या सोयीच्या वेळी' असे घातले. एजंट कुरकुरला, मालकांनी चष्मा पुसून दोनदा वाचले आणि सही केली. दुसऱ्या किल्लीसाठी मी बँकेतली जुनी रीत सुचवली. किल्ली पाकिटात घालून ते चिकटवले, जोडावर दोघांनी आडव्या सह्या केल्या, आणि पाकीट मालकांच्याच कपाटात राहिले. आग लागली, नळ फुटला, तर फोडायचे. परवा ती पेढे घेऊन आली होती, तेव्हा मी विचारले. पाकीट अजून बंद आहे, आणि खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी.