दाराशी विचारलेले प्रश्न

ओपीडीत येणाऱ्या बाईची खरी तक्रार बहुतेक वेळा शेवटी येते. केसपेपरवर ‘कंबरदुखी’ लिहिलेलं असतं. तपासून होतं, गोळ्या लिहून होतात, ती उठून दारापर्यंत जाते आणि तिथून मागे वळते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत हलक्या आवाजात म्हणते, ‘‘मॅडम, अंगावरून पांढरं जातं. जाऊबाई म्हणतात, पिशवी खराब झाली असंल. खरं का?’’

मी तिला परत बसवते. कंबरेचं नंतर बघता येतं.

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं ते १९२१ साली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते याच विषयांवर उघडपणे लिहीत राहिले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटलेही त्यांनी सोसले. १९५२ मध्ये देशाचा कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू झाला. आज आशाताई निरोध आणि गोळ्या घरपोच देतात. साधनं घरात आली, बोलणं मात्र अजून दाराशीच अडलंय. म्हणून रोज कानावर येणारे हे गैरसमज एकेक करून घेऊ.

गैरसमज : अंगावरून पांढरं जातं म्हणजे पिशवी खराब झाली. ती काढलेली बरी.

वस्तुस्थिती : थोडा स्राव प्रत्येक बाईला असतो, असायलाच हवा. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो पारदर्शक आणि तार येणारा होतो, गरोदरपणात वाढतो. हा आजार नव्हे. स्राव दह्याच्या कवड्यांसारखा आणि सोबत खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. राखाडी, पातळ आणि माशासारखा वास येणारा असेल तर योनीतल्या जीवाणूंचा समतोल बिघडलेला असतो. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची शंका येते. या तिन्हींवर औषध आहे आणि योग्य औषधाने बहुतेकींना काही दिवसांतच आराम पडतो. लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून अंदाजाने औषध घेऊ नये, तपासून घ्यावं.

स्रावासोबत ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोहोचला तर पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. संबंधांनंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तरीही तपासणी टाळू नका.

पण या कशासाठीही पिशवी काढणं हा पहिला उपाय नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांबाबत राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीसमोर जे आलं, ते आजही अस्वस्थ करतं. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे खाड्याचा दंड होता, फडावर पाणी आणि संडास नसणं होतं, ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीतीही होती. पिशवीसोबत बीजकोशही काढले तर तरुण वयातच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. कोणी ऑपरेशन सुचवलं तर ‘कशासाठी? औषधाने होणार नाही का?’ हे विचाराच. दुसऱ्या डॉक्टरचं मतही घ्या. तो तुमचा हक्क आहे.

गैरसमज : संसर्ग झाला म्हणजे बाई अस्वच्छ, नाहीतर वागणुकीची वाईट.

वस्तुस्थिती : बुरशीचा संसर्ग मधुमेहात, गरोदरपणात किंवा अँटिबायोटिक घेतल्यानंतरही होतो. लघवीचा संसर्ग बायकांना जास्त होतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. उलट अतिस्वच्छताच कधी नडते. योनीत राहणारे चांगले जीवाणू तिथलं आम्ल टिकवतात आणि तेच संसर्गाला रोखतं. साबण किंवा जंतुनाशक घालून आतून धुतलं की हे राखणदारच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं आहे.

गैरसमज : त्रास बायकोला, मग औषधही तिलाच.

वस्तुस्थिती : ट्रायकोमोनास, गनोरिया, क्लॅमिडिया आणि सिफिलिस हे संसर्ग शरीरसंबंधांतून पसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या चारांची रोज दहा लाखांहून अधिक नवी लागण होते आणि बहुतेकांना लक्षणंच नसतात. नवऱ्याला काही जाणवत नाही म्हणजे त्याच्या अंगात काही नाही, असं धरून चालत नाही. तिने एकटीने औषध घेतलं तर पुन्हा लागण होते आणि मग ‘औषधाचा गुण येत नाही’ म्हणून तीच बोलणी खाते. असा संसर्ग निघाला की बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला मी आत बोलावते. उपचार दोघांचे, एकाच वेळी. डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळायचे. चारही संसर्ग बरे होणारे आहेत. गरोदरपणी सिफिलिसची तपासणी तर चुकवू नयेच, कारण तो बाळापर्यंत पोहोचतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो रोखता येतो.

गैरसमज : तांबी पोटात वर चढते, थेट काळजापर्यंत जाते.

वस्तुस्थिती : तांबी इंग्रजी ‘टी’च्या आकाराची, अंगठ्यापेक्षा लहान असते. ती गर्भपिशवीत बसते आणि पिशवीतून काळजाकडे जाणारी वाटच नाही. क्वचित ती आपोआप खाली सरकून बाहेर पडते. बसवताना पिशवीला इजा होण्याची शक्यता अगदी थोडी असते, म्हणून ती प्रशिक्षित हातांनीच बसवून घ्यावी. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, पोटात दुखू शकतं. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं काम करते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते.

गैरसमज : गोळ्या, इंजेक्शनं घेतली की पुढे मूल होत नाही.

वस्तुस्थिती : माला-एन ही रोजची गोळी बंद केल्यावर पाळीचं चक्र लवकरच पूर्ववत होतं. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनचा परिणाम ओसरायला मात्र वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तो उशीर आहे, वांझपण नव्हे. अंतरावर असताना पाळी अनियमित होते किंवा थांबते, तेव्हा ‘रक्त आत साठतं’ हेही खरं नाही. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली, हार्मोन नसलेली गोळी. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. माला-एन मात्र प्रत्येकीला चालत नाही. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

गैरसमज : ७२ तासांची गोळी म्हणजे गर्भपाताची गोळी.

वस्तुस्थिती : ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ रुजला असेल तर ती काही करू शकत नाही. म्हणून जितकी लवकर, तितकी चांगली. ती अडीनडीसाठी आहे. रोजच्या साधनांइतकी भरवशाची नाही आणि पुढच्या संबंधांसाठी संरक्षणही देत नाही.

गैरसमज : नसबंदीने पुरुषाची ताकद जाते.

वस्तुस्थिती : बिनटाक्याच्या नसबंदीत फक्त शुक्रजंतू वाहणाऱ्या दोन नळ्या बंद करतात. अंडकोषातलं हार्मोन रक्तातून पूर्वीसारखंच फिरत राहतं. इच्छा, ताठरता, वीर्यपतन, जड काम करण्याची ताकद, कशातही फरक पडत नाही. काम काही मिनिटांचं आहे, माणूस त्याच दिवशी घरी जातो. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून खात्री करायची. बाईच्या ऑपरेशनला पोटावर छेद घ्यावा लागतो, तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचं अवघं ०.३ टक्के आहे. हा आकडा वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. मूल दोघांचं असतं, सुरी मात्र एकीच्याच पोटावर चालते.

एक गोष्ट शेवटी. तांबी, गोळी, इंजेक्शन, नसबंदी ही सगळी गर्भ रोखतात, संसर्ग रोखत नाहीत. दोन्हींपासून एकत्र संरक्षण देतो तो फक्त निरोध. ऑपरेशन झालेल्या जोडप्यालाही त्याची गरज पडू शकते.

सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये या संसर्गांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, माहिती गुप्त राहते. किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहे. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

पुढच्या वेळी याल तेव्हा कंबरदुखीपासून सुरुवात करू नका. खुर्चीत बसल्या बसल्या जे आहे ते सांगा. आणि जमलं तर त्यांनाही बाहेरच्या बाकावरून आत घेऊन या.