पंचायतीतल्या इंटरनेटचा नवा पत्ता

आज आपण ग्रामपंचायतीत आलेल्या सरकारी इंटरनेटबद्दल बोलू. विषय ऐकायला अवघड वाटेल, पण दाखला काढायचा असो, योजनेचं केवायसी असो की गटाची माहिती भरायची असो, आता सगळं नेटपाशी येऊन थांबतं. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका गावात रस्त्याच्या खोदकामात तार तुटली. केवायसीची मुदत जवळ आलेली, आणि बायका रोजगार बुडवून दोनदा पंचायतीत जाऊन हात हलवत परत आल्या. म्हणून "नेट अपग्रेड होणार" असं कानावर आलं, की त्यातून आपल्याला काय मिळणार आणि काय नाही, हे ठाऊक असलेलं बरं.

आधी थोडा मागचा हिशेब. गावोगावच्या ग्रामपंचायतीपर्यंत काचेच्या बारीक तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, इंटरनेट न्यायची योजना केंद्र सरकारनं २०११ साली मंजूर केली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात हे काम राज्य सरकारनं 'महानेट' म्हणून हाती घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्याची जबाबदारी बीएसएनएलकडे आहे. या सुधारणेत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक तारेच्या वाटेची, दुसरी पत्त्याची.

वाट सोपी आहे. आधी बहुतेक ठिकाणी तार तालुक्याहून निघून गावात येऊन संपायची. पाण्याच्या पाइपलाइनसारखंच, मध्ये फुटली की पुढची सगळी गावं कोरडी. आता तार गोल फिरवायची आहे. तालुक्याहून निघायची, गावं घेत घेत परत तालुक्याला मिळायची. याला रिंग म्हणतात. जेसीबीनं एका जागी तार तोडली, तरी नेट उलट्या बाजूनं येऊ शकतं. जत, आटपाडी, माण, खटावसारख्या तालुक्यांत गावं लांब लांब आहेत, आणि पाटण, शिराळ्यात डोंगर आहे. दुरुस्तीचा माणूस पोचायला वेळ लागतो, तिथं या रिंगचं मोल जास्त.

आता पत्ता. टपाल यायला जसा पत्ता लागतो, तसा इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचं नाव आयपीव्ही-फोर. ती १९८१ साली ठरली. तिच्यात सगळे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते होतात. तेव्हा ते उदंड वाटले. आज जगात माणसंच ८०० कोटींच्या पुढे आहेत, आणि एकेका घरात दोन-तीन फोन. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले.

मग इतकी वर्षं चाललं कसं? एका पत्त्यावर अनेकांना बसवून. एका वाड्यात चाळीस बिऱ्हाडं आणि दारावर टपालपेटी एकच, असा प्रकार. याचे तोटे आहेत. वाड्यातल्या एकानं काही गैर केलं आणि एखाद्या वेबसाइटनं तो पत्ता अडवला, तर बाकीचेही अडकतात. फसवणुकीचा तपास करताना नेमकं कोणतं बिऱ्हाड हे शोधणं पोलिसांना किचकट होतं. शेततळ्यावर किंवा दूध संकलन केंद्रात बसवलेला कॅमेरा बाहेरगावाहून थेट बघायचा म्हटलं, तरी अडचण येते, कारण त्याला स्वतःचा पत्ताच नसतो.

यावर उपाय म्हणजे नवी पद्धत, आयपीव्ही-सिक्स. तिचा नंबर लांबलचक असतो. तिच्यात किती पत्ते होतात? साधारण ३४ लिहून त्यापुढे ३७ शून्यं द्या, इतके. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला आपापली टपालपेटी. ही पद्धत आपल्याला अगदी नवखीही नाही. जिओनं २०१६ साली सेवा सुरू केली, तेव्हापासून त्यांच्या जाळ्यात ती आहे. आपल्या हातातला फोन बहुधा ती वापरतही असेल, फक्त आपल्याला कळत नाही.

जुनी आणि नवी पद्धत एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत. म्हणून आणखी काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालतील. १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा आणेही काही काळ बाजारात चालत होते, तसंच हे. पंचायतीतल्या यंत्राला दोन्ही पद्धती यायला हव्यात, आणि नवी पद्धत तंत्रज्ञानं चालूही केलेली हवी. नुसती सोय असून भागत नाही.

आता काय मिळणार नाही, तेही बघू. पत्ता बदलला म्हणून नेटचा वेग आपोआप वाढत नाही. वीज गेली आणि बॅटरी उतरलेली असली, तर नवा पत्ता असूनही पेटी बंदच राहणार. यंत्राला स्वतःचा पत्ता मिळाला, की दाराला कुलूपही चांगलं लागतं. म्हणून कॅमेऱ्याचा किंवा वायफायचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बसवल्या दिवशीच बदलायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "नेट नवीन होतंय, सिम अपग्रेड करा, ओटीपी सांगा," असा फोन आला तर तो ठेवून द्या. हा बदल जाळ्यातल्या यंत्रांत होतो. त्यासाठी आपल्याला पैसे भरावे लागत नाहीत, ओटीपी द्यावा लागत नाही, आधार नंबर सांगावा लागत नाही. कुणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पुढच्या ग्रामसभेत गटाच्या बायकांनी मिळून चार प्रश्न विचारावेत, असं आम्ही सुचवतो. आपल्या गावाची तार रिंगमध्ये आहे, की एका टोकाला संपते? नवं यंत्र बसलं का, आणि त्यात आयपीव्ही-सिक्स चालू आहे का? वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकते? नेट बंद पडलं तर तक्रार कुणाकडे करायची, आणि तो नंबर पंचायतीच्या भिंतीवर लिहिलाय का?

उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला सांगा. लगेच उत्तर मिळालं नाही, तर ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. आपण गटाच्या वहीत एकेक रुपयाचा हिशेब ठेवतो. गावात आलेल्या तारेचा हिशेबही आपणच विचारायचा.