नांदूर मध्यमेश्वरचे पाहुणे ओळखावेत कसे?



ऊसतोड जोरात असते, त्याच थंडीच्या दिवसांत आपल्या गोदावरीवर उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. आम्ही नोकरीनिमित्त कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीस राहतो. तेथून कल्याणला येऊन नाशिकची गाडी धरायची आणि पुढे निफाडमार्गे चापडगाव वा खानगाव थडीस पोचायचे, हा आमचा दर हिवाळ्याचा नेम.

गोदावरी-कादवा संगमावरच्या या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे ऊस उभा केला. पुढे जलाशयात गाळ साचला. शेतीच्या दृष्टीने हे नुकसानच. पण उथळ पाणी, पाणवनस्पती आणि मधली बेटे यांमुळे पाखरांची सोय झाली. १९८६ साली येथे अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून याची नोंद झाली.

आता ओळखीचे बघू. पाण्यावर तरंगते ते सगळे बदक नव्हे. काळाकुट्ट, कपाळावर गोपीचंदनासारखा पांढरा टिळा, तो वारकरी. तो पाणकोंबडीच्या कुळातला. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी लाल ठिपके असतील तर ते हळदी-कुंकू बदक. ते बारमाही इथलेच. चोच पुढे पळीसारखी पसरट असेल तर थापट्या. अंगाने नारिंगी-तपकिरी, बहुधा जोडीने दिसतो तो चक्रवाक.

एक धोरण ठेवा : रंगावर भुलू नका. ऑक्टोबरात आलेले पुष्कळ नर मादीसारखेच मळकट दिसतात. रंग फसवतो, चोच फसवत नाही. जानेवारीत नरांचा रंग खुलतो, मग काम सोपे. आणि काही अगदीच निराळे दिसले, तर ते कुणाचे पाळीव बदक सुटून आले नाही ना, हे आधी बघावे.

खरी कसोटी पट्टकादंबाची. फिकट राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. हा हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो आणि इथे आल्यावर कोवळ्या हरभऱ्यात, गव्हात चरतो. शेतकऱ्याचा जीव तुटणारच. आवाज करून खुशाल हुसकावा. पण जाळे नको, विषारी दाणे तर नकोच. १९७२ च्या कायद्याने शिकार हा गुन्हा आहेच, शिवाय तेच विष आपल्या गुराढोरांच्या पाण्यात उतरते.

एखाद्याच्या गळ्यात पट्टा वा पायात कडे दिसले, तर त्यावरचा क्रमांक, रंग व तारीख टिपून वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना कळवा. तो कुठून आला, हे त्यावरून उमगते. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणती होते. नाव बरोबर लागलेले पाखरूच त्या हिशेबात बरोबर जमा होते.

बांधावरची जुनी ढोलीची झाडेही राखा. नकटा बदक पावसाळ्यात अशा ढोलीतच अंडी घालतो. सरपणाला दुसरे लाकूड मिळेल, ढोली तयार व्हायला मात्र कैक वर्षे लागतात.