पाच डॉलरच्या सर्व्हरमागे कोण बसलेलं असतं?

होस्टिंग कंपनीच्या सपोर्ट फ्लोअरवर रात्री अडीच वाजता सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण म्हणजे ‘कॅन्ड रिप्लाय’चं. ग्राहक लिहितो, ‘साइट बंद आहे, तातडीने बघा.’ खुर्चीवरचा पोरगा आधी त्याचा प्लॅन उघडतो. प्लॅनपुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसलं की मागून शिफ्ट लीड म्हणतो, ‘टेम्प्लेट टाक आणि पुढचं तिकीट उचल.’ टेम्प्लेट अतिशय नम्र असतं. आपला सर्व्हर चालू आहे, नेटवर्क पोहोचतंय, आतलं सॉफ्टवेअर आमच्या कक्षेत येत नाही, धन्यवाद. ग्राहक भडकतो. पण त्या पोराचं काही चुकलेलं नसतं. ग्राहकाने महिन्याला पाच डॉलर भरलेले असतात आणि त्या पाच डॉलरमध्ये तो पोरगा धरलेलाच नसतो.

पुण्यात या धंद्यात रात्रपाळ्या करून मी काही वर्षं काढली. ‘स्वस्तात कुठला व्हीपीएस घेऊ?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो; व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या यंत्रातला भाड्याचा आभासी सर्व्हर. विचारणारा रॅम, कोअर आणि डिस्क यांचे आकडे तोंडपाठ करून आलेला असतो. त्या आकड्यांत हल्ली फारसा फरकच उरलेला नाही. 2013 च्या जानेवारीत डिजिटलओशनने 512 एमबी रॅम आणि 20 जीबी एसएसडीचा सर्व्हर महिना पाच डॉलरला काढला आणि बाजाराचं गणित पालटलं. त्यानंतर सगळेच त्या भावाच्या आसपास घुटमळत आहेत. यंत्र स्वस्त झालंच, पण भाव खाली आला तो मुख्यतः माणूस वजा करून. म्हणून मी उलटा प्रश्न विचारतो: ज्या दोन-तीन वेळा माणूस लागणारच आहे, तेव्हा या कंपनीत कोण असेल?

आधी आकड्यांची आतली बाजू सांगतो. ओपनव्हीझेडच्या जमान्यात एका यंत्रावर एकच कर्नल चालायचा आणि ग्राहकांचे कंटेनर त्यावर बसायचे. रॅम कागदावर कितीही वाटता यायची. ‘गॅरंटीड’ इतकी आणि ‘बर्स्ट’ इतकी, अशी जाहिरात असायची. सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर एकच रॅम अनेकांना विकलेली असायची. 2007 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम आलं, ज्यात प्रत्येक ग्राहकाचा कर्नल वेगळा आणि रॅम ठरलेली असते; पुढे ते सर्रास झालं आणि रॅमचा हा खेळ बराच आटोक्यात आला. प्रोसेसर मात्र आजही सगळेच जास्तीचा विकतात, आणि प्रमाणात विकला तर त्यात गैर काही नाही. प्रमाण सुटलं की काय होतं ते पाहायचं असेल तर सर्व्हरवर ‘टॉप’ ही आज्ञा द्या आणि प्रोसेसरच्या ओळीत अगदी शेवटी ‘एसटी’ नावाचा आकडा असतो तो बघा. ‘स्टील टाइम’, म्हणजे तुमच्या सर्व्हरला काम करायचं होतं, पण खरा प्रोसेसर त्या वेळी शेजाऱ्याच्या दिमतीला होता. तो शून्याच्या आसपास असेल तर ठीक. संध्याकाळी सात ते अकरा तो सतत दोन आकडी दिसत असेल, तर तुमचा नोड, म्हणजे तुमचा सर्व्हर ज्या यंत्रावर बसलाय ते, खच्चून भरलाय.

आमच्याकडे यावर तक्रार आली की एक ठरलेली हालचाल व्हायची. जो ग्राहक आकडा लिहून, वेळेसकट, स्क्रीनशॉट लावून तक्रार करायचा, त्याचा सर्व्हर गुपचूप कमी गर्दीच्या नोडवर हलवला जायचा. जो नुसतं ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणायचा, त्याला टेम्प्लेट. त्यामुळे तिकीट लिहिता येणं हा अनमॅनेज्ड ग्राहकाचा सगळ्यात मोठा गुण, असं माझं मत झालंय.

तिकिटांत करमणूकही भरपूर. दर आठवड्याला कुणीतरी नवा लिनक्सवीर फायरवॉल चालू करायचा आणि दुरून आत शिरायचं एसएसएचचं दार उघडं ठेवायला विसरून स्वतःच बाहेर राहायचा. ‘तुम्ही आमचा सर्व्हर हॅक केला’ असा आरोप आमच्यावर. अशा वेळी उपयोगी पडतो तो ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल, म्हणजे सर्व्हरला थेट पडदा आणि कीबोर्ड लावल्यासारखी सोय. ती आणि ‘रेस्क्यू मोड’, म्हणजे बिघडलेला सर्व्हर वेगळ्या प्रणालीवरून उघडायची सोय, ज्या कंपनीकडे नाही, तिचा सर्व्हर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आयपी पत्त्याची भानगड तर फार कमी लोकांना ठाऊक असते. आयपीव्ही4चे पत्ते कधीच संपले आहेत. तुम्हाला मिळणारा पत्ता आधी कुणीतरी वापरून सोडलेला असतो. तो कुणीतरी स्पॅम पाठवणारा निघाला, तर त्याची बदनामी तुमच्या नावावर चालू राहते आणि तुमच्या दुकानाची बिलं जीमेलच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. एक गृहस्थ आमच्याशी आठवडाभर भांडत होते की ईमेलचं सेटिंग बरोबर आहे. सेटिंग खरंच बरोबर होतं. पत्ता काळ्या यादीत होता. सर्व्हर मिळाल्याबरोबर, काहीही इन्स्टॉल करण्यापूर्वी, पत्ता स्पॅमहाउससारख्या यादीत तपासावा आणि खराब निघाला तर तिथल्या तिथे बदलून मागावा. मेल पाठवायचे असतील तर पोर्ट 25 उघडं मिळेल का हेही आधीच विचारावं, कारण नव्या खात्यांना ते बऱ्याच ठिकाणी बंदच असतं.

आता ज्या विषयावर लोक सगळ्यात कमी विचार करतात तो: बिलिंग. होस्टिंगच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये काही साध्या चौकटी असतात. बिल थकल्यावर किती दिवसांनी आठवण, किती दिवसांनी सस्पेंड, किती दिवसांनी टर्मिनेट. रोज ठरलेल्या वेळी ते यंत्र आपोआप फिरतं. टर्मिनेट म्हणजे डिस्क पुसली. तिथे कुणी माणूस थांबून ‘हे जुने ग्राहक आहेत, एक फोन करू’ म्हणत नाही. सांगलीकडचे एक ग्राहक बेदाण्याच्या सौद्यांचे भाव रोज साइटवर टाकायचे. एके दिवशी फोनवर तावातावाने म्हणाले, ‘अहो, बिलाचा एक मेल आला नाही तुमचा!’ आमचा पोरगा शांतपणे म्हणाला, ‘सर, तुमचा मेल ज्या सर्व्हरवर येतो, तोच सर्व्हर सस्पेंड आहे.’ पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यांचा डेटा वाचला, कारण टर्मिनेटची तारीख दोन दिवसांवर होती. होस्टकडे नोंदवलेला ईमेल त्याच सर्व्हरवरचा नसावा, एवढी साधी गोष्ट; पण ती फॉर्म भरताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

2021 च्या 1 ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा कार्डावरच्या आपोआप वसुलीचा नियम लागू झाला तेव्हा तर बिलापायी सर्व्हर सस्पेंड होण्याचा प्रकार घाऊक झाला. ज्यांनी नव्या पद्धतीची व्यवस्था केली नव्हती अशा परदेशी कंपन्यांची पाच डॉलरची वसुलीसुद्धा भारतीय कार्डांवरून नाकारली जाऊ लागली. कार्डात पैसे आहेत, ग्राहकाला बिल भरायचंय, आणि सर्व्हर बंद. म्हणून परदेशी होस्ट घेताना मी आधी पाहतो की खात्यात आगाऊ रक्कम जमा करून ठेवता येते का. शिवाय पाच डॉलर हे पाच डॉलर नसतात. त्यावर 18 टक्के जीएसटी आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार धरला की भारतीय होस्टचा महाग वाटणारा भाव तितकासा महाग राहत नाही.

अनमॅनेज्ड या प्रकाराचा सगळ्यात कडू धडा 2009 च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये मिळाला. व्हीए-सर्व्ह नावाच्या स्वस्त होस्टच्या यंत्रांत हल्लेखोर घुसले आणि एक लाखाच्या आसपास वेबसाइटींचा डेटा पुसून टाकला. ती यंत्रं चालवणारं हायपरव्हीएम हे सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या एलएक्सलॅब्ज या छोट्या कंपनीचं होतं, आणि सुरुवातीला सगळा संशय त्यातल्या त्रुटींवर गेला. कारणाबद्दल पुढे वाद झाले. परिणामाबद्दल मात्र वाद नव्हता: जवळपास निम्म्या ग्राहकांनी अनमॅनेज्ड सेवा घेतली होती आणि तिच्यात बॅकअप धरलेलाच नव्हता. त्यांच्या साइटी परत आणायला कंपनीकडे काही उरलेलं नव्हतं. तुमचा सर्व्हर तुम्ही कितीही बंदोबस्तात ठेवा. ज्या पॅनलवरून तो बनवला जातो त्याची चावी दुसऱ्याच्या हातात असते.

मोठी कंपनी घेतली की प्रश्न मिटला, असंही नाही. 10 मार्च 2021 च्या मध्यरात्रीनंतर स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या बड्या फ्रेंच होस्टच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत संपूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भागही गेला. सुदैवाने माणसं सगळी वाचली. संस्थापक ऑक्ताव्ह क्लाबा यांनी त्याच पहाटे ट्विटरवरून ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना सुरू करायला सांगितलं. अशी योजना म्हणजे काय, हे कित्येकांना त्या पहाटे पहिल्यांदाच कळलं असणार. पुढे एका ग्राहकाने दावा लावला. त्याने बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, आणि बॅकअपही त्याच इमारतीत होता. 2023 मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने त्याला एक लाख युरोंहून अधिक भरपाई मंजूर केली. निकाल मिळाला, डेटा मिळाला नाही. तेव्हापासून ‘आमच्याकडे रोजचा बॅकअप आहे’ असं कुठलाही होस्ट म्हणाला की मी एवढंच विचारतो, ‘कुठल्या गावात?’

डिजिटलओशनचा 2019 चा प्रसंगही आतल्या लोकांत बराच चघळला गेला. फ्रान्समधल्या दोन माणसांच्या एका कंपनीने आपल्या नेहमीच्या कामासाठी एकदम दहा-एक सर्व्हर चालू केले. गैरवापर शोधणाऱ्या यंत्रणेला ते चोरून आभासी चलनाची नाणी खोदण्यासारखं वाटलं आणि खातं बंद झालं. दाद मागितल्यावर उघडलं, मग पुन्हा बंद झालं, आणि आता तुम्ही काही करण्याची गरज नाही अशा अर्थाचा मेल आला. ट्विटरवर बोंब झाल्यावर वरिष्ठांनी लक्ष घातलं. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं त्यानंतरचं: काय चुकलं आणि काय बदलणार, हे कंपनीने सविस्तर लिहून जाहीर केलं. चूक सगळ्यांकडून होते. ती जाहीरपणे लिहिणारे कमी. होस्ट निवडताना त्याचं स्टेटस पान मागच्या वर्षभराचं वाचावं. तिथे एकही बिघाड नोंदलेला नसेल तर बिघाड झालाच नाही असं समजू नये. लिहायला कुणी बसलेलं नाही असं समजावं.

‘99.9 टक्के अपटाइमची हमी’ ही ओळ तर मला हसूच आणते. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ 43 मिनिटं बंद राहायची मुभा. त्याहून जास्त बंद पडला तर भरपाई म्हणून पाच डॉलरमधले काही सेंट पुढच्या बिलात वळते होतात, तेही तुम्ही मागितले तर.

‘मुंबई लोकेशन’ असं लिहिलेलं असेल तर चाचणीचा पत्ता मागून पुण्यातून पिंग करून पाहावं. लहानसा, दहा मिलिसेकंदांच्या आसपासचा आकडा आला तर यंत्र खरोखर मुंबईत किंवा नवी मुंबईत. साठच्या पुढे गेला तर एक तर ते सिंगापूरला आहे, किंवा तुमची इंटरनेट कंपनी तुमची वाहतूक तिकडून फिरवून आणतेय. दोन्हींचा त्रास सारखाच. भारतात सर्व्हर घेताना ओळखपत्र मागितलं तर चिडू नये. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचं खात्रीशीर नाव, पत्ता आणि सेवा कशासाठी घेतली हे पाच वर्षं जपून ठेवावं लागतं. जो काहीच विचारत नाही, तोच मला संशयास्पद वाटतो.

आणखी एक जमात आहे, तिला या धंद्यात ‘समर होस्ट’ म्हणतात. सुट्टीत एखादं मोठं यंत्र भाड्याने घ्यायचं, त्याचे तुकडे करून वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन विकायचे आणि शाळा-कॉलेज सुरू झालं की गायब. वेबसाइट झकपक असते, भाव न पटण्याइतका कमी. यांच्यावर उतारा एकच: पहिले काही महिने महिन्याचेच पैसे भरा, वार्षिक सवलत कितीही खुणावली तरी. आणि पैसे भरण्यापूर्वी रविवारी रात्री एक तांत्रिक प्रश्न सपोर्टला पाठवा, सेल्सला नव्हे. सेल्सवाले दोन मिनिटांत उत्तर देतात, ते त्यांचं कामच आहे. रिव्हर्स डीएनएस कसं लावायचं, स्वतःची आयएसओ चढवता येते का, असं काहीतरी विचारा. उत्तर उशिरा आलं तरी चालेल. ते तुमचा प्रश्न वाचून लिहिलेलं आहे का, एवढंच बघा.

हे सगळं करूनही अनमॅनेज्ड सर्व्हर प्रत्येकासाठी नाही. नवा सर्व्हर चालू केल्यावर काही मिनिटांतच त्याच्या लॉगमध्ये ‘रूट’चा पासवर्ड चुकल्याच्या ओळी साचू लागतात, जगभरचे बॉट दार ठोठावत असतात. त्या ओळी वाचणारं, महिन्यातून एकदा अपडेट चढवणारं आणि बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात ठेवून तो परत चढतो का हे करून पाहणारं माणूस तुमच्याकडे असेल, तर खुशाल पाच डॉलरचा सर्व्हर घ्या, तो उत्तम चालतो. दवाखान्याची, संस्थेची किंवा दुकानाची साइट असेल आणि असं कुणी नसेल, तर सरळ मॅनेज्ड किंवा शेअर्ड होस्टिंग घ्या. जास्तीचे जे पैसे जातील, ते रात्री अडीचला फोन उचलणाऱ्या त्या पोराच्या पगाराचे आहेत.