तामसीचा पाऊस आणि दूरचा समुद्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनीच मला भूगोल शिकविला. जलचक्राचे चित्र ते फळ्यावर काढीत. डाव्या कोपऱ्यात समुद्र, वर ढग, उजवीकडे डोंगर आणि डोंगरावरून उतरून पुन्हा समुद्रास मिळणारी नदी. समुद्र आणि डोंगर यांत वीतभर अंतर. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता; तो पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळच्या बाजूस कोठेतरी असावा, असे मला बराच काळ वाटत असे. गुरुजींचे एक वाक्य मात्र मनावर ठसले होते : पृथ्वीवरचे पाणी नाहीसे होत नाही, ते केवळ रूप आणि जागा बदलते. वैशाखात आमच्या आडाने तळ गाठला तेव्हा ते वाक्य मी आईला ऐकविले. ती म्हणाली, "मग तेवढा रांजण भरून दे."

गुरुजींचे म्हणणे खरे होते आणि आईचेही. दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हे समजून घेण्यासाठी आपल्याला तामसीहून बरेच दूर जावे लागेल.

प्रथम गुरुजींचा हिशेब पाहू. पृथ्वीवरील पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे. सूर्याच्या उष्णतेने समुद्रावरून वर्षाकाठी सुमारे ४,२५,००० घन किलोमीटर पाण्याची वाफ होते. मीठ खालीच राहते, म्हणून पाऊस गोडा. या वाफेतील सुमारे ३,८५,००० घन किलोमीटर पाणी समुद्रावरच पुन्हा पडते. उरलेले ४०,००० वाऱ्यांबरोबर जमिनीकडे येते आणि जवळजवळ तितकेच पाणी जमिनीवरून, मुख्यतः नद्यांवाटे, समुद्रास परत जाते. वाफेचा कण हवेत सरासरी नऊ-दहा दिवसच राहतो. साऱ्या पृथ्वीचा जमाखर्च असा चोख जुळतो.

आता आपल्या वाट्याचा पाऊस कोठून येतो ते पाहू. आपल्या गावापासून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे दोन्ही सरळ रेषेत पाचशे-सहाशे किलोमीटर दूर आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस दक्षिण हिंदी महासागरावरील वारे विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून भारताकडे धाव घेतात. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्याचा एक अतिशय वेगवान पट्टा असतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. कोकणात आणि सह्याद्रीवर पुष्कळसा पाऊस सांडून उरलेली वाफ पठारावर येते.

हाच वारा समुद्राचे पाणीही ढकलतो. दीर्घकाळ एकाच दिशेने ढकललेले पाणी वाहू लागते. त्यास आपण सागरी प्रवाह म्हणतो. मुलांनो, काठ नसलेली नदी समुद्रातच वाहते आहे असे समजा. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात ईशान्येकडे जातो आणि त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरहूनही अधिक होतो. हिवाळ्यात वारा उलटला की हा प्रवाह चक्क उलटा, नैर्ऋत्येकडे वाहतो. पावसाळ्यात तेथे खालचे थंड पाणी वर येते, त्यामुळे पश्चिम अरबी समुद्र ऐन पावसाळ्यात थंडावतो.

बंगालचा उपसागर मात्र तसा थंडावत नाही. याचे कारण कळण्यासाठी घरी एक प्रयोग करून पाहा. पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्या. दुसरीकडे साध्या पाण्यात निळी शाई मिसळा आणि ते पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू पेल्यात सोडा. निळे पाणी वरच तरंगेल. गोडे पाणी हलके असते. (माझ्या नातवाने हे करताना शाई सतरंजीवर सांडली, तुम्ही ओट्यावर करा.) गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचे पाणी उपसागरावर असेच पसरते. तेथील पावसाचीही त्यात भर पडते. हलक्या पाण्याचा हा थर खालच्या थंड पाण्याशी सहजी मिसळत नाही, म्हणून उपसागराचा पृष्ठभाग पावसाळ्यात बहुधा २८ अंशांच्या वर उबदार राहतो. त्या उबेवर कमी दाबाची क्षेत्रे पोसली जातात. ती ओडिशा, छत्तीसगड या वाटेने पश्चिमेकडे सरकतात आणि आदिलाबादला झड लागते. आपले जोराचे पाऊस बरेचदा या वाटेने आलेले असतात.

आता नदीची वाट जोडून पाहा. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली पैनगंगा आपल्या उत्तरेकडून वाहत जाऊन वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता कालेश्वरम् येथे गोदावरीत शिरते आणि गोदावरी उपसागरात. म्हणजे आपल्या शिवारातून वाहून गेलेले पाणीही त्या हलक्या थरात भर घालीत असते. फार थोडी भर, हे खरे. परंतु फळ्यावरील चित्रात नदी समुद्रास मिळाली की तिचे काम संपत असे, तसे ते संपत नाही. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळला म्हणजे उपसागरातील हे कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळजवळच्या अरबी समुद्रापर्यंत पोहोचते.

उरला आईचा रांजण. जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश पाणी माती, झाडे आणि पिके यांच्यावाटे पुन्हा हवेत जाते. नदीचे पाणी काही दिवसांत किंवा आठवड्यांत समुद्र गाठते. खडकाच्या भेगांत खोल उतरलेले पाणी मात्र वर्षानुवर्षे, कोठे कोठे शतकानुशतके तेथेच असते. आपली काळी माती एकदा भिजून फुगली की तिच्या भेगा मिटतात. त्यानंतर तासाभरात कोसळलेला पाऊस मुरण्यापेक्षा वाहूनच अधिक जातो. तोच पाऊस आठ दिवस रिमझिम पडला तर मुरमातून खाली उतरतो. आम्हां मुलांच्या वेळी आड आटला की लोक मृगाची वाट पाहत. आता बोअर आणखी खोल नेतात आणि पूर्वीच्या कित्येक पावसाळ्यांचे पाणी एका उन्हाळ्यात उपसतात. ते पाणी नाहीसे होत नाही, हे गुरुजींचे म्हणणे आजही खरेच. ते कपाशीच्या पानांतून हवेत जाते, नऊ-दहा दिवसांत कोठेतरी पडते. त्याच बोअरमध्ये परतण्याचे त्याच्यावर बंधन नसते.

आईचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले होते. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चित्रात डोंगर आणि नदी यांच्यामध्ये एक आड काढला, ढगाकडून त्याच्यापर्यंत तुटक रेषेचा बाण ओढला आणि त्यावर लिहिले, 'मुरले तर'.