द्राक्षे रॉटरडॅमला पोहोचली, हिशेब कुठे अडला?

दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात. हंगामातील पहिल्या कंटेनरला हार घातला जातो, नारळ फुटतो, फोटो छापून येतात. आमचा निर्यातीला विरोध नाही. शेतमाल सातासमुद्रापार गेला पाहिजे आणि त्याला चार पैसे जास्त मिळाले पाहिजेत. परंतु हा माल बागेतून युरोपच्या दुकानापर्यंत जातो कसा, वाटेत कोणकोणते कागद तयार होतात आणि त्या कागदांवर कुणाची नावे असतात, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण त्या बागांत राबणारे हात आपल्याच कष्टकरी समाजाचे आहेत.

प्रथम ही थंड पेटी काय आहे ते पाहू. तिला रीफर कंटेनर म्हणतात. चाळीस फुटी पेटीत साधारण १२ ते १३ टन द्राक्षे मावतात. पेटीच्या एका टोकाला शीतयंत्र असते. त्याची थंड हवा तळातील पन्हळींतून येते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. ट्रेलरवर असताना यंत्राला जनरेटरची वीज मिळते, बंदरात आणि जहाजावर प्लग जोडला जातो. कोळंबी किंवा म्हशीचे मांस गोठवून उणे १८ अंशांवर पाठवतात. द्राक्षे मात्र गोठवायची नसतात. त्यांना शून्य अंशाच्या आसपास ठेवावे लागते. तापमान वाढले तर बुरशी येते, फार उतरले तर मणी गोठून खराब होतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही पेटी गरम माल थंड करण्यासाठी नसते, थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी असते. म्हणून द्राक्षे सकाळच्या गारव्यात खुडावी लागतात, त्यांची निवड करून खोक्यात भरावी लागतात आणि काही तासांत पॅकहाऊसच्या प्रीकूलिंगच्या खोलीत न्यावी लागतात. हे सारे काम माणसाच्या हातांनी होते. मजुराचा हात चुकला तर लाखो रुपयांचे यंत्र काही करू शकत नाही. असे असूनही निर्यातीच्या कौतुकात यंत्र येते, निर्यातदार येतो, मजूर येत नाही.

यंत्राच्या शोधाचा इतिहासही हेच सांगतो. १८८२ साली न्यूझीलंडहून ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज गोठवलेले मटण घेऊन लंडनला पोहोचले आणि युरोपच्या ताटासाठी दूरदेशीचे मांस नेण्याचा धंदा उभा राहिला. पुढे मालट्रकला बसेल, खाचखळग्यांत टिकेल असे शीतयंत्र बनवले ते फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकनाने. १८९३ साली जन्मलेल्या या अनाथ मुलाचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. स्वतः पुस्तके वाचून तो अभियंता झाला आणि साठाहून अधिक पेटंट त्याने मिळवले. आज थर्मो किंग या नावाने ओळखली जाणारी कंपनी त्याच्या यंत्रावर उभी राहिली. १९६१ साली तो वारला. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्याला १९९१ साली, मृत्यूनंतर तीस वर्षांनी देण्यात आले. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव असायला हवे.

आता कागदांकडे वळू. रीफर पेटीत तापमानाची नोंद सतत होत असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, आतली हवा किती अंश होती हे प्रवासानंतर काढून दाखवता येते. दुसरी नोंद बागेची. २००६ साली अपेडाने ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. निर्यातीची प्रत्येक बाग तिच्यात नोंदवावी लागते. युरोपात एखाद्या खोक्यात कीटकनाशकाचा अंश सापडला तर तो माल नाशिकच्या कोणत्या प्लॉटमधला, हे शोधता येते. तपासणीसाठी ही व्यवस्था चांगली आहे. परंतु हिच्यातून दोष बागेपर्यंत मागे येतो. पैसा मात्र तितक्याच काटेकोरपणे मागे येत नाही.

२०१० साली हे सर्वांनी पाहिले. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, या वाढरोधकाचा अंश युरोपात सापडला आणि कंटेनर तिथे अडकले. आपल्याकडील तपासणीच्या यादीत हे रसायन तोवर नव्हतेच. यादी करणारे वेगळे होते, माल पाठवणारे वेगळे होते आणि नुकसान बागाईतदाराच्या खात्यावर पडले. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. २०२४ च्या हंगामात जहाजे सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, भाडे वाढले. मणी मऊ पडले, दर पडला. त्याची कपात कुठे झाली? पुन्हा शेतकऱ्याच्या पट्टीत.

याचे कारण करारात आहे. कित्येकदा माल कन्साइनमेंटवर जातो. म्हणजे बागेत भाव ठरत नाही. तिकडे विकल्यावर भाडे, हाताळणी, कमिशन, खराबा वजा करून जे उरेल ते शेतकऱ्याचे. जहाज कंपनीवर दावा करायचा तर बिल ऑफ लेडिंग लागते. त्यावर निर्यातदाराचे आणि खरेदीदाराचे नाव असते, शेतकऱ्याचे नसते. समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा जाऊन २०२५ साली नवा आला. त्यातही जहाज कंपनीविरुद्ध दाव्याची मुदत एकच वर्ष आहे आणि वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यावी लागते. ज्याचे नाव कागदावर नाही त्याला ही मुदत कळणार तरी कशी? वकिली करताना आम्ही पाहतो की फसलेला लहान शेतकरी हाती वहीचे एक पान आणि न वटलेला धनादेश घेऊन येतो. धनादेश परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची असते, हे त्याला त्या वेळी कळते.

मजुराच्या हाती तर तेही पान नसते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचे आदिवासी हंगामात दिंडोरी, निफाडच्या बागांत उतरतात. नाशिकजवळ गिरणारे येथे मजुरांचा बाजारच भरतो. काम उक्ते, हिशेब मुकादमाच्या तोंडी. सुरगाण्याचा मजूर राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचे संरक्षण त्याला नाही. घर सोडून तो चार महिने शेडमध्ये राहतो, तरी कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित नाही.

असे असले तरी हातात काहीच नाही असे नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्या अनेक तरतुदींबद्दल आमचा आक्षेप आहे. पण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या पॅकहाऊसने नियुक्तीपत्र दिले पाहिजे आणि पाचपेक्षा जास्त मजूर लावणाऱ्या शेतमालकाने मजुरीची पावती दिली पाहिजे, एवढे त्यांतून मागता येते. किमान वेतन शेतीलाही लागू आहे. युरोपचे खरेदीदार ‘ग्रास्प’ नावाची मजूर-कल्याणाची तपासणी मागतात. त्या कागदात काय भरले आहे, हे मजुरांना वाचून दाखवण्याची मागणी आपण केली पाहिजे.

लहान बागाईतदारांनी एकट्याने व्यवहार करू नये. १९९१ साली महाग्रेप्स उभी राहिली, मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. निर्यातदार शेतकऱ्यांची संस्थाच असेल तर बिल ऑफ लेडिंगवर तिचे नाव येते. ते शक्य नसेल तर किमान भाव लेखी घ्यावा आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत, तापमानाची नोंद व तिकडचा सर्व्हे रिपोर्ट मिळेल अशी अट करारात घालावी. आणि या संस्थांत मजुरांनाही स्थान हवे, नाहीतर मालक बदलतील, मुकादम तोच राहील.

आमच्या तरुण वकिलांनी आणि पदवीधरांनी येत्या हंगामात एक काम करावे. गिरणाऱ्याच्या बाजारात जाऊन मजुरांच्या हजेरीच्या वह्या सुरू करून द्याव्यात. तारीख, बाग, तास, ठरलेली मजुरी, मिळालेली मजुरी, एवढे पाच रकाने पुरेत. द्राक्षाच्या तापमानाची तासातासाची नोंद होऊ शकते, तर ती खुडणाऱ्या बाईच्या दिवसाची नोंद का होऊ नये? उद्या न्यायालयात उभे राहायची वेळ आली तर तीच वही तिची साक्षीदार असेल.