लाईट आली, तरी इन्व्हर्टर चार्ज होईना? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासून बघा

वळवाचा पहिला जोरदार पाऊस येतो, तारेवर कुठेतरी फांदी पडते आणि लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखा जेमतेम दहा मिनिटं फिरतो आणि मग टीं-टीं करत सगळं बंद. सकाळी दुकानात फोन केला की पलीकडचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "बॅटरी गेली, बदलावी लागेल." १५० एएचची नवी ट्युब्युलर बॅटरी म्हणजे दहा-पंधरा हजारांच्या घरातला खर्च.

कधी कधी ते निदान बरोबर असतं. पण 'बॅटरी चार्ज होत नाही' आणि 'बॅटरी चार्ज धरत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत वीज बॅटरीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे दोष प्लगमध्ये, वायरमध्ये, सेटिंगमध्ये किंवा इन्व्हर्टरच्या आत असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी आणली तर तीही दोन दिवसांत उतरते. दुसरीत वीज पोचते, पण बॅटरीत ती साठवायची ताकद उरलेली नसते. कुठलीही बॅटरी विकत घेण्याआधी आपली तक्रार यातली कोणती हे ठरवायला हवं, आणि त्यातला बराचसा भाग घरच्या घरी ठरवता येतो.

इथे आपण घरोघरी असतो तो संच धरून चालू: ८०० ते ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची, पाणी घालावी लागणारी १५० एएचची बॅटरी.

आधी भिंतीपासून सुरुवात करा

इन्व्हर्टर असलेल्या घरात एक गंमत होते. मेन स्विचजवळचा आरसीसीबी किंवा इन्व्हर्टरचा एमसीबी विजेच्या झटक्याने खाली पडतो, पण घरातले दिवे-पंखे इन्व्हर्टरवर चालूच राहतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रीजमधला बर्फ वितळला किंवा गीझर तापला नाही की मग शोध सुरू होतो. तोवर बॅटरी रिकामी झालेली असते. म्हणून पहिलं काम, डीबी उघडून सगळे खटके वर आहेत ना ते बघणं. खटका वर केल्यावर पुन्हा लगेच पडत असेल तर जबरदस्ती करू नका. कुठेतरी शॉर्ट किंवा गळती आहे, ते वायरमनचं काम.

मग ज्या सॉकेटमध्ये इन्व्हर्टरचा प्लग आहे, तिथे टेबलफॅन लावून बघा. चालला तर सॉकेट ठीक. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट गरम होतं का, प्लग ढिला बसतो का, हेही बघून घ्या. वर्षानुवर्षं न हललेला प्लग आतून जळत आलेला असणं अगदी सामान्य आहे. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला बहुतेक मॉडेलांमध्ये एक फ्यूज किंवा दाबायचं रीसेट बटण असतं. ते बाहेर आलेलं असेल तर इन्व्हर्टरला मेन सप्लाय मिळत नाही. बटण एकदा दाबून बघायला हरकत नाही, मात्र पुन्हा उडालं तर थांबा.

लाईट आहे, पण इन्व्हर्टरला ती पसंत नाही

गावात, शेतवस्तीवर आणि उन्हाळ्यात शहराच्या टोकाच्या वस्त्यांमध्येही हा प्रकार फार होतो. मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो. त्यावर एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'इको', 'नॉर्मल' किंवा असंच काही लिहिलेलं असतं. यूपीएसवर ठेवलं की इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टमधलीच वीज स्वीकारतो. नॉर्मलवर ही मर्यादा बरीच रुंद असते, खाली १०० व्होल्टच्या आसपासपर्यंत.

आता संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंप आणि कूलर चालू आहेत, व्होल्टेज १६५ वर आलंय. ट्यूब मिणमिणते, पंखा रेंगाळतो, पण लाईट 'आहे'. यूपीएसवर असलेल्या इन्व्हर्टरच्या दृष्टीने मात्र लाईट गेलेली आहे. तो बॅटरीवर घर चालवत राहतो. म्हणजे चार्जिंग तर नाहीच, उलट बॅटरी उतरतेय. स्विच नॉर्मलवर केला की काम होतं. तोटा इतकाच, की लाईट जाता-येताना क्षणभर जास्त वेळ लागतो आणि डेस्कटॉप कॉम्प्युटर बंद होऊ शकतो. घरात तसा कॉम्प्युटर नसेल तर यूपीएसचा हट्ट धरायचं कारण नाही.

त्याच जागी बॅटरीचा प्रकार निवडायचाही स्विच असू शकतो: ट्युब्युलर, फ्लॅट प्लेट, एसएमएफ. प्रत्येकीला पूर्ण भरायला लागणारं व्होल्टेज थोडं वेगळं असतं. बॅटरी ट्युब्युलर आणि स्विच एसएमएफवर असेल तर ती कायम थोडी उपाशी राहते. जुनी बॅटरी बदलताना हा स्विच बदलायचा राहून जातो, आणि वर्षभराने 'नवी बॅटरीच खराब निघाली' अशी तक्रार होते.

बॅटरीजवळ जाण्याआधी

बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हा वायू ठिणगीने भडकतो. आपल्याकडे बॅटरी जिन्याखाली, कपाटात, कधी चक्क देवघराच्या कोपऱ्यात ठेवलेली असते. तिच्याजवळ निरांजन, अगरबत्ती, काडेपेटी नको आणि जागा हवेशीर हवी. हात लावण्याआधी अंगठी, कडं, बांगड्या काढा, कारण दोन टर्मिनलांमध्ये धातू आला तर तो क्षणात लालबुंद होतो. इन्व्हर्टर समोरच्या बटणाने बंद करा आणि मगच प्लग काढा. उलट क्रमाने केलंत तर तो बॅकअपवर जाऊन २३० व्होल्ट देत राहील. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर धुऊन झाल्यावर थेट डॉक्टरकडे. आणि इन्व्हर्टरचा डबा उघडायचा नाही. प्लग काढला तरी बॅटरीची वायर आत जोडलेली असते.

तीनशे-चारशे रुपयांचा मीटर काय सांगतो

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर. इन्व्हर्टर बंद करून, प्लग काढून दोन-तीन तास गेले की पहिलं माप घ्या. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

आता प्लग लावा, मेन चालू करा आणि आकड्याकडे बघत राहा.

आकडा हलला नाही किंवा हळूहळू खालीच जात असेल तर वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही. ही पहिली तक्रार, आणि यात बॅटरीला दोष देता येत नाही. भिंतीपासूनचं सगळं ठीक असेल तर संशय टर्मिनलवर किंवा इन्व्हर्टरच्या चार्जिंगच्या भागावर. "पण बॅकअप देतोय की, मग इन्व्हर्टर चांगलाच असणार," असं म्हणून फसू नका. बॅकअप देणं आणि चार्ज करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक चालू राहून दुसरं बंद पडू शकतं.

आकडा थोडा चढून १३ च्या आसपास आला आणि पुढच्या काही तासांत १४ च्या पलीकडे गेला, तर चार्जिंग व्यवस्थित चालू आहे. मग तक्रार वेगळीच असू शकते. तिच्याकडे पुढे येतो.

आकडा काही मिनिटांतच १४ च्या वर उडाला, डिस्प्लेवर तासाभरात १०० टक्के दिसलं आणि लाईट जाताच पुन्हा धाडकन खाली आला, तर ही दुसरी तक्रार. लोक याच गोष्टीवर खूश असतात, की "आमची बॅटरी पटकन भरते." छोटा तांब्या पटकनच भरतो. डिस्प्लेवरची टक्केवारी बहुधा व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असते, आत किती वीज साठली ते त्यावरून नेमकं कळत नाही. बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि तेवढी जागा निकामी होते. यालाच सल्फेशन म्हणतात.

चौथी शक्यता, रात्रभर चार्जिंगला लावूनही आराम दिल्यावर आकडा १०.५ च्या आसपासच राहतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. एक सेल आतून शॉर्ट झाला की बरोबर तेवढे दोन व्होल्ट कमी होतात. इन्व्हर्टर बिचारा भरतच राहतो, बॅटरी तापते, एका झाकणातून जास्त बुडबुडे येतात. बॅटरी फुगली असेल, हाताला चटका बसेल इतकी तापली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मीटर बाजूला ठेवा, इन्व्हर्टर आणि प्लग बंद करा, खिडक्या उघडा.

पांढरा-हिरवा थर

टर्मिनलवर साचलेला पावडरीसारखा थर वीज अडवतो. तो नेमका किती अडवतो हेही मीटरने कळतं. चार्जिंग चालू असताना एकदा शिशाच्या खुंटीवर टोकं टेकवा आणि एकदा वायरच्या क्लॅम्पवर. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टचाही फरक असेल तर दोष त्या सांध्यात आहे. काढण्याआधी जोडणीचा मोबाईलवर फोटो घ्या. आधी मायनस सोडवा, मग प्लस. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सेलची झाकणं घट्ट लावलेली असू द्या, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा. जोडताना आधी प्लस, मग मायनस, नट घट्ट, आणि वरून व्हॅसलीनचा हात. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर निदान फ्यूज उडेल, नशीब खराब असेल तर आतलं सर्किटही.

पाण्याचं थोडक्यात: पातळी खालच्या खुणेखाली गेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं, बोअरचं, फिल्टरचंही नको, त्यातले क्षार प्लेटांना मारक ठरतात. आणि कुणी "थोडं ॲसिड टाकतो, बॅटरी जागी होईल" म्हणालं तर हात जोडा. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. वरून ॲसिड घातल्याने चार दिवस जोर आल्यासारखा वाटतो आणि प्लेटा लवकर झडतात.

काहीच बिघडलेलं नाही, तरी पुरत नाही

१५० एएचची रिकामी बॅटरी १५ अँपिअरने भरायची तर सरळ भागाकाराने दहा तास होतात. शेवटचा टप्पा सावकाश भरतो, म्हणून प्रत्यक्षात बारा किंवा जास्त. इन्व्हर्टर १० अँपिअरचाच आणि त्याला २२० एएचची बॅटरी जोडलेली असेल तर एक दिवस पुरणार नाही. दिवसातून तीनदा लाईट जाणाऱ्या ठिकाणी अशी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली राहिल्याने सल्फेशनही वाढतं. मोठी बॅटरी घेतली की जास्त बॅकअप मिळेल, हा हिशेब चार्जिंगचा वेळ धरल्याशिवाय पुरा होत नाही.

सुट्टीवरून परतल्यावर बॅटरी ठार मेलेली आढळते, तो प्रकार वेगळा. व्होल्टेज फार खाली गेलं की काही इन्व्हर्टर बॅटरी जोडलेलीच नाही असं समजतात आणि चार्जिंग सुरूच करत नाहीत. अशी बॅटरी बॅटरीवाल्याकडे बाहेरच्या चार्जरवर दिवसभर चार्जिंगला टाकली तर अनेकदा परत येते. शंभर-दोनशे रुपयांत जमणारं काम करून पाहण्याआधी दहा-पंधरा हजार घालवू नयेत.

मेकॅनिक आला की

त्याच्याकडे हायड्रोमीटर आहे का ते बघा. बॅटरी नीट चार्ज केल्यावर सहाही सेलची ग्रॅव्हिटी मोजायला सांगा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत ती १२४० च्या आसपास येते. सगळे सेल सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, कदाचित सावरेल. पाच सेल १२३० आणि एक ११२० असेल तर तो सेल गेला, आणि त्याच्याबरोबर बॅटरीही. क्लॅम्प मीटर असेल तर चार्जिंगचा अँपिअरही मोजून घ्या. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याने आणलेली चांगली बॅटरी तासभर तुमच्या इन्व्हर्टरला जोडून बघणं. यातलं काहीच न करता नुसतं वरून टकटक करून "गेली" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

बदलायचीच ठरली तर आधी जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड शोधा. पहिल्या काही महिन्यांत बॅटरी बदलून मिळते आणि नंतरच्या काळात किमतीत सूट, अशी बऱ्याच कंपन्यांची पद्धत आहे. जुनी बॅटरी फुकट देऊ नका, तिच्यातल्या शिशाला चांगला भाव असतो आणि दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून तो वजा करतात. 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं रीसायकलिंग करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे ती भंगारवाल्याला देण्यापेक्षा बॅटरीच्या दुकानात दिलेली बरी. आतलं ॲसिड मोरीत ओतून वजन हलकं करायच्या फंदात पडू नका. नव्या बॅटरीच्या बिलावर तिचा अनुक्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि घरी आणल्यावर मागचा तो छोटा स्विच योग्य प्रकारावर आहे ना, ते बघूनच प्लग लावा.